रेंज होती

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात शिंप्याला जेवायला फुरसत नसते. कट्टा गावाच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. त्या दुपारी मी एका शर्टाच्या कॉलरला टीप मारत होतो आणि मशीनच्या बाजूला, दोऱ्याच्या रिळांना टेकवून, मोबाइल उभा केलेला होता. माझ्या व्हिडिओखाली कोणीतरी काहीतरी लिहिलं. पडदा उजळला, मी मान वळवली, आणि सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली.

पुढचं सांगायची लाज वाटते, पण तेच सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे. बोट सुईखाली अडकलेलं असताना मी उजवा हात लांब केला आणि आधी मोबाइल घेतला. ती कमेंट शेवटपर्यंत वाचली. मग चाक उलटं फिरवून बोट सोडवलं. तोवर सुई आत मोडली होती.

बाजारातले आमचे डॉक्टर चिमट्याने तुकडा काढत होते तेव्हाही मोबाइल माझ्या उजव्या हातात होता. फोन खाली ठेवा, हात हलतोय, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी काही न बोलता चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्या बायकोकडे, सुषमाकडे बघितलं. मला वाटलं, ती आता नेहमीसारखं सावरून घेईल. ती म्हणाली, "डॉक्टर, ह्यांचा दुखणा बोटाचा नाय."

बोटाला पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरांनी ओरोसच्या एका मानसोपचार डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. मी ती वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली, जशी काही ती गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी होती.

ओरोसचा पहिला दिवस

एसटीतून जाताना मी खिडकीकडे तोंड करून बसलो. कोणी ओळखीचं भेटलं तर कलेक्टर कचेरीत काम आहे असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर आठ-दहा माणसं होती, आणि त्यांच्यातला एकही माझ्या डोक्यातल्या वेड्यासारखा दिसत नव्हता. एक बाई भाजीच्या पिशवीतून चवळीच्या शेंगा काढून मोडत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "पयल्यांदाच?" मी मान हलवली. म्हणाल्या, घाबरू नका, सुई टोचत नाहीत इथे. माझ्या पट्टीकडे बघून म्हणाल्या असाव्यात.

डॉक्टर तरुण होत्या. त्या प्रमाण मराठीत बोलत होत्या म्हणून सुषमाही तसंच बोलायला लागली. "हे घरात कोणाशी बोलत नाहीत. जेवताना विचारलेलं यांना ऐकू येत नाही. मोबाइल चार्जिंगला लावला की तिथेच उभे राहतात." तिच्या तोंडून त्या भाषेत ऐकताना वाटत होतं, कोणा दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याबद्दल चाललं आहे.

दिवसातून किती वेळ बघता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, दोन तास, फार तर अडीच. खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी माझाच मोबाइल मागून घेतला, सेटिंगमध्ये जाऊन एक पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. रोजचे नऊ तास. एका रविवारी अकरा.

मी म्हटलं, "मोबाइल बिघडलाय."

डॉक्टर हसल्या नाहीत. सुषमाही दचकली नाही. तिला आकडा ठाऊक नव्हता, पण तो केवढा असेल हे ठाऊक होतं. मी एकटाच हादरलो होतो. एकावन्न वर्षांचा माणूस, रोज नऊ तास कुठे होतो, हे मला दुसऱ्याने दाखवावं लागलं.

डॉक्टर म्हणाल्या, "दारू पिऊन माणूस घरी आला की घरच्यांना वास येतो. याचा वास येत नाही, म्हणून उशीर होतो." मग विचारलं, तुमच्या या सवयीमुळे कोणाला इजा झाली आहे का. मी पट्टी बांधलेलं बोट वर केलं.

दुसरं उत्तर मला माहीत होतं. सुषमा शेजारी बसली होती, आणि तिला ते अर्धंच माहीत आहे अशी माझी समजूत होती.

आवाज

मी मुळात न बोलणारा माणूस. लहानपणी शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. पण आमच्या घराण्याकडे गावाच्या देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आहे. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकाने सगळ्यांच्या वतीने देवीसमोर उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. थोरल्या दादाचा आवाज बसका, म्हणून वडिलांनंतर ते काम माझ्याकडे आलं. वर्षातून चार-पाच वेळा, त्या दहा मिनिटांपुरता, मी बोलणारा माणूस व्हायचो.

एका जत्रेत एका गिऱ्हाइकाने माझं गाऱ्हाणं मोबाइलवर घेतलं आणि टाकलं. दोन दिवसांत ते मुंबईपासून मस्कतपर्यंत पोचलं. लोक लिहीत होते, आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं, गावची आठवण आली. मला आयुष्यात कोणी असं काही म्हटलं नव्हतं. मी खातं उघडलं.

मग दुकानातच सुरू झालं. दहावीच्या निकालाचं गाऱ्हाणं, वेळेवर न येणाऱ्या एसटीचं गाऱ्हाणं, लग्न न ठरणाऱ्या पोराचं गाऱ्हाणं. लोक हसायचे, मागण्या पाठवायचे. देवीसमोर वर्षातून चारदा म्हणायचं ते मी दिवसातून चारदा म्हणू लागलो. दादाने एकदाच टोकलं. म्हणाला, देवाक रोज हाक मारू नको रे सुबास, एक दिवस तो कोण तां म्हणान इचारतलो. मी हसलो आणि घरी जाऊन त्यावरही एक व्हिडिओ केला.

शिवायला घेतलेले कपडे राहू लागले. एका नवऱ्या मुलाच्या कुर्त्याला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तेव्हाही मी हसलोच.

दादा पडला

मे महिन्यात दादा आंबे काढताना फांदीसकट खाली आला. पाठीला मार. आधी ओरोसला नेलं, तिथून गोव्याला हलवलं. त्याची मुलगी रुपाली सोबत गेली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरलं. वहिनी कपडे घ्यायला घरी आली होती, ती म्हणाली, निघायच्या आधी देवीकडे गाऱ्हाणा घालूया, मगेच मी गाडीत बसतंय.

सकाळी आठला वाडीतली पंधरा-वीस माणसं देवळात जमली. मी मोबाइल दानपेटीवर टेकवून ठेवला आणि सुरू केला. कोणी काही बोललं नाही. माझ्या मोबाइलची सगळ्यांना सवय झाली होती.

"बा देवी म्हाराजा, तुझो लेक आज आडवो पडलो हा, तेका पायार उभो कर गो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

वहिनीचा आवाज सगळ्यांत मागून, सगळ्यांत उशिरा यायचा, कारण तिला रडू आवरून मग म्हणावं लागत होतं.

गाऱ्हाणं संपलं. मी मोबाइल उचलला. जागा भरली होती, काहीच रेकॉर्ड झालं नव्हतं. मी दोन जुने व्हिडिओ पुसले, मोबाइल परत दानपेटीवर ठेवला आणि म्हटलं, "थांबा जरा. परत एकदा घेऊया."

सगळे थांबले. वहिनीही थांबली. मी पुन्हा तेच मागणं मागितलं आणि त्यांनी पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हटलं. दुसऱ्या वेळी माझा आवाज जास्त चांगला लागला. हे मला तेव्हा कळलं होतं आणि आवडलं होतं.

नऊच्या गाडीने सुषमा आणि वहिनी गोव्याला निघाल्या. मी मागून येणार होतो, मशीनवर एक काम अर्धं आहे असं सांगितलं होतं. काम एवढंच होतं: दुकानात बसून मी व्हिडिओला संथ संगीत लावलं आणि शेवटी दादाचा फोटो जोडला. रंगीत फोटो उठून दिसत नव्हता, म्हणून काळा-पांढरा केला. आणि टाकला.

सात तास

दहा मिनिटांत पहिली श्रद्धांजली आली. मग रांगच लागली. काळा-पांढरा फोटो बघून लोकांना वाटलं दादा गेला. कोणी लिहिलं, देव मृतात्म्यास शांती देवो. कोणी रडणारे चेहरे टाकले. आकडा वर चढत होता, मी पूर्वी कधीही पाहिला नव्हता एवढा.

साडेदहाला रुपालीचा फोन आला. आत ऑपरेशन चालू होतं, आणि तिला मुंबईहून नातेवाइकांचे फोन येत होते, बॉडी कधी आणणार म्हणून. ती रडत नव्हती. म्हणाली, "काका, तां काढा पयल्यांदा. आई गाडीत आसा, तिका खंयसून तरी कळात."

मी म्हटलं, "काढतंय."

मी काढला नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला कित्येक महिने लागले. मी बोट त्या बटणावर नेलं. मग आकड्याकडे बघितलं. मनात म्हटलं, एवढी पाच मिनिटं. मग अजून पाच. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही, लघवीलाही उठलो नाही. संध्याकाळी साडेपाचला, व्हिडिओ पाहणारे ओसरायला लागले तेव्हा, मी तो काढला.

सावंतवाडी सोडल्यावर वहिनीला तिच्या बहिणीचा फोन आला होता. बहीण हुंदके देत होती. वहिनीने रुपालीला फोन लावला तर तो सतत गुंतलेला, कारण तोवर अर्ध्या मुंबईचे फोन तिलाच चालले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत वहिनीला आपला नवरा गेला असंच वाटत होतं. सुषमाने मला नंतर सांगितलं, वहिनी रडलीसुद्धा नाही. एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून बसली होती, कोणी येऊन फोडेल अशी.

रुपालीने सांगितल्यावर लगेच काढला असता, तर त्या बहिणीने तो बघितलाच नसता.

रात्री मी गोव्याला पोचलो. दादाचं ऑपरेशन नीट झालं होतं. व्हरांड्यात सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, रुपालीचो फोन इलो आणि मगे रेंजच गेली, संध्याकाळपर्यंत नव्हती. आमच्याकडे यावर कोणी शंका घेत नाही. रेंज जातेच. सगळ्यांनी माना हलवल्या आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

आणि तरीही, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारात उभा राहून मी नवा व्हिडिओ केला: दादा वाचला, देवीचे आभार. तोही चालला. ऑगस्टअखेर सुई बोटात जाईपर्यंत मी थांबलो नाही.

उपचार

ज्यांच्या घरी असा माणूस आहे, किंवा जे स्वतःच तसे आहेत, त्यांना उपयोग होईल एवढंच सांगतो.

मला गोळ्या दिल्या नाहीत. डॉक्टरांसमोर बसून खातं बंद केलं. बंद करताना पडद्यावर लिहून येतं, तीस दिवसांत परत आलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल. ते तीस दिवस मी जन्मात विसरणार नाही. साधा बटणांचा फोन घेतला. जुना मोबाइल सुषमाने कुठे ठेवला ते मी विचारायचं नाही असं ठरलं. पहिल्या आठवड्यात माझा हात दिवसभर शर्टाच्या रिकाम्या खिशात जायचा. अंगावर ओरडायला कोणीतरी लागायचं. मी सुषमावर ओरडलो, कात्रीवर ओरडलो, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पायजम्याच्या नाडीवरून घालवून दिलं.

अकराव्या दिवशी घसरलो. माप द्यायला आलेल्या माणसाने त्याचा मोबाइल टेबलावर ठेवला होता. जरा एक फोन करतो म्हणून मी तो मागितला, मागच्या खोलीत गेलो आणि माझं खातं पुन्हा उघडलं. पंधरा मिनिटांनी तो आत डोकावला आणि म्हणाला, सुबास, पँट आता शिवूनच बाहेर येतलंस काय. मी घामाने भिजलो होतो. पुढच्या खेपेला हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा वाटलं त्या मला हाकलतील. त्यांनी तारीख लिहून घेतली, खातं परत बंद करायला लावलं आणि विचारलं, त्याच्या आधी दुकानात काय झालं होतं?

त्यासाठी त्यांनी वही दिली होती. हात खिशाकडे गेला की लिहायचं, त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं. महिनाभराची पानं वाचली तर सगळीकडे एकच होतं. कोणीतरी माझ्याशी काही बोललं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाने टोमणा मारला, मी गप्प. सुषमाने काही विचारलं, मी गप्प. आणि लगेच हात खिशाकडे. समोरच्या माणसाला द्यायचं उत्तर मी हजारो अनोळखी माणसांना देत होतो. मला हे वाचून जो धक्का बसला तो नऊ तासांच्या आकड्यानेही बसला नव्हता.

डॉक्टर म्हणाल्या, औषध तुमच्या वहीतच आहे. ज्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे, त्याला द्या.

मग मी रोज एक उत्तर द्यायला लागलो. कशाची भाजी करू, असं सुषमाने विचारलं तर "काय पण कर" म्हणायचं नाही, भाजीचं नाव सांगायचं. हसू येईल तुम्हाला. पहिल्या दिवशी मी "लाल भाजी" म्हटलं तर ती पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. दुपारी तिने भाजीवर जास्तच खोबरं घातलं होतं. आजारपणात अशा गोष्टी मोठ्या वाटतात.

ओरोसच्या फेऱ्या आता महिन्यातून एकदा आहेत. बरा झालो असं मी म्हणत नाही. देवळातला मान मी या वर्षी चुलत घराकडे दिला.

वहीत एक नाव मात्र लिहायचं टाळत होतो.

दादाकडे

कार्तिकात दादा काठी घेऊन घरापुढच्या खळ्यात फिरायला लागला होता. एका सकाळी मी गेलो. तो खुर्चीवर ऊन खात बसला होता, वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बसायला सांगितलं तरी मी उभाच राहिलो आणि बसायच्या आत बोलून टाकलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"दादा, त्या दिवशी रेंज होती."

दादा उन्हाकडेच बघत होता. म्हणाला, "म्हायत आसा."

मला वाटलं त्याला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो, रुपालीचा फोन, सात तास, आकडा. त्याने काठी उचलून मला थांबवलं.

"रुपालीन त्याच दिवशी बघितल्यान. लोक माका श्रद्धांजली वाहत होते आणि तू एकेकाक उत्तर देत होतंस. रेंज नसलेलो माणूस उत्तर कसो देतलो?"

हे मला आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं.

"ह्या सगळ्यांका म्हायत होता?"

"घरात सगळ्यांका. तुझ्या सुषमाक पण. मीच सांगलंय, कोणी बोलू नको. तो आपणहून कधी बोलता, बघूया." मग माझ्याकडे वळला. "लोक लिहीत होते मी मेलंय म्हणान. तेंका तू काय लिहिलंस?"

सहा महिने मी या प्रश्नाला घाबरत नव्हतो, कारण तो प्रश्न असू शकतो हेच मला सुचलं नव्हतं.

"धन्यवाद लिहिलंय," मी म्हटलं. "आणि हात जोडलेले."

दादाचा बसका आवाज हसायला लागला, पाठीवर हात दाबून तो हसत राहिला. "जित्या भावाच्या मरणाक धन्यवाद. मगे बाराव्याचा आमंत्रण तरी देवचा होतास रे तेंका. गावभर जेवण झाला असता, मी पण जेवलो असतंय."

मला हसू आलं. तेवढ्यात वहिनी सूप बाजूला ठेवून पायरीवर आली. ती हसत नव्हती. गोव्याहून आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची, आणि मी ते पाहिलं होतं, आणि त्याचं कारण मोबाइलच असेल एवढंच धरून चाललो होतो.

"माका एक सांगा भावजी," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी दोनदा गाऱ्हाणा घातलास. देवीन खंयचा आयकल्यान? पयला की दुसरा?"

मला वाटलं, पहिलं म्हणावं. ते तरी खरं होतं, असं म्हणावं. तिला ते ऐकायचं असेल. पण मी खोटं बोलायला आलो नव्हतो.

"वैनी," मी म्हटलं, "दोनय वेळा मी मोबाइलाकडेच बघत होतंय."

बांगड्या मागे सारून तिने दोन्ही हात पदराला पुसले.

"मगे तां माझा आयकल्यान," ती म्हणाली. "मी दोनय वेळा तिच्याकडेच बघत होतंय."

आणि ती परत तांदळाकडे गेली. दादाही हसायचा थांबला होता. मी खळ्यात उभाच होतो.